फ्लाइट सिम्युलेटरचा जॉयस्टिक व थ्रॉटल संच

फ्लाइट सिम्युलेटरचा जॉयस्टिक व थ्रॉटल संच म्हणजे संगणकावरील उड्डाणात विमानाची दिशा, कल आणि इंजिनाची शक्ती हाताने नियंत्रित करण्यासाठी वापरली जाणारी उपकरणांची जोडी होय. जॉयस्टिक हा सर्व दिशांना कलणारा व सोडताच मध्यभागी परतणारा दांडा असतो. थ्रॉटल हा पुढेमागे सरकणारा आणि ठेवावा तेथे थांबणारा दांडा असतो. हाताच्या हालचालीचे संख्येत रूपांतर करून ती संख्या यूएसबी तारेने संगणकाकडे पाठवणे हे दोहोंचे कार्य आहे. हे रूपांतर करणारा संवेदक आणि त्याला हलवणारा यांत्रिक सांधा यांच्या स्थितीवर संचाचे आयुष्य अवलंबून असते. मुंबईसारख्या दमट व धुळीच्या शहरात देखभालीअभावी हे आयुष्य पुष्कळ घटते. मात्र ‘बिघडला’ म्हणून बाजूला टाकलेल्या अनेक संचांतील दोष घाण, ओल किंवा सैल जोडणी यांमुळे उद्भवलेला असतो आणि तो घरच्या घरी दूर करता येतो.

नाव व घटक

वैमानिकांच्या बोलीत विमानाच्या नियंत्रण दांड्याला विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ‘जॉयस्टिक’ म्हटले जाते. संगणकाच्या उपकरणाला हे नाव तेथूनच मिळाले. जॉयस्टिक व थ्रॉटल या दोहोंवर बटणे बसवून वैमानिकाला हात न उचलता सर्व कामे करता यावीत, या लढाऊ विमानांतील मांडणीला ‘हँड्स ऑन थ्रॉटल अँड स्टिक’ म्हणतात. तिच्या आद्याक्षरांवरून बनलेला ‘होटास’ हा शब्द घरगुती संचांनाही सर्रास लावला जातो.

जॉयस्टिकला किमान दोन अक्ष असतात. दांडा डावी-उजवीकडे कलवल्यास विमान बाजूला कलते, म्हणजे रोल होते. पुढेमागे केल्यास विमानाचे नाक खाली-वर होते, म्हणजे पिच बदलतो. बऱ्याच जॉयस्टिकना दांडा मुरडण्याचा तिसरा अक्षही असतो. पायांनी चालवायचे रडर पॅडल नसल्यास यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणे, त्याने साधतात. थ्रॉटलला एक वा अधिक दांडे असतात. त्यांशिवाय दोन्ही उपकरणांवर घोडा, अंगठ्याने चालवायची चार वा आठ दिशांची ‘हॅट’ कळ आणि अनेक बटणे असतात.

इतिहास

एकाच दांड्याने पिच व रोल दोन्ही नियंत्रित करण्याची रचना १९०७-०८च्या सुमारास रोबेर एस्नो-पेलतरी व लुई ब्लेरियो या फ्रेंच विमानकर्त्यांच्या यंत्रांत रूढ झाली. जमिनीवर बसून उड्डाण शिकवणारे एडविन लिंक यांचे ‘लिंक ट्रेनर’ हे यंत्र १९२९चे. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले त्यांचे विमान मुंबईत उतरले ते जुहूच्या धावपट्टीवर. आज घरात बसून जुहू वा सहारच्या धावपट्टीवर उतरण्याचा सराव करणाऱ्या मुंबईकरांत या उड्डाणाची पुनरावृत्ती करून पाहण्याची हौस आढळते.

घरगुती संगणकावरील उड्डाणाची सुरुवात ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ संगणकासाठी लिहिलेल्या कार्यक्रमापासून मानली जाते. १९८२मध्ये त्याची आवृत्ती ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ या नावाने आयबीएम पीसीवर आली. त्या काळातील गेम पोर्टमध्ये जॉयस्टिकमधील रोधाने एक धारित्र भरायला किती वेळ लागतो हे मोजून दांड्याची स्थिती ठरवली जाई. साहजिकच संगणक तापला किंवा त्याचा वेग बदलला की मध्यबिंदू सरके, आणि अंशशोधन हे तेव्हा दररोजचे कर्म होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यूएसबी आल्यावर मोजणी उपकरणातच होऊ लागली आणि ही कटकट बरीचशी संपली.

थ्रस्टमास्टर ही मूळची अमेरिकी नाममुद्रा असून १९९९पासून ती फ्रान्समधील गिलमो समूहाकडे आहे. सायटेकची उड्डाण-उपकरणे २०१६मध्ये लॉजिटेककडे गेली. ऑगस्ट २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळातच, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली व जगभर अशा संचांची मागणी एकदम वाढली. १९९७पासून स्वयंसेवक विकसित करत असलेला ‘फ्लाइटगियर’ हा सिम्युलेटर विनामूल्य असल्याने विद्यार्थ्यांना संच घेण्यापूर्वी चाचणीसाठी तो सोयीचा ठरतो.

संवेदक

संचाच्या वेष्टनावर बटणांची संख्या ठळकपणे छापलेली असते. संवेदकाचा प्रकार मात्र बारीक अक्षरांत शोधावा लागतो. देखभालीच्या दृष्टीने हीच माहिती सर्वांत महत्त्वाची होय.

स्वस्त संचांत बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीमागे असतो तोच हा भाग. कार्बनचा लेप दिलेल्या कमानदार पट्टीवर धातूचा एक स्पर्शक घासत फिरतो आणि त्याच्या स्थितीप्रमाणे विद्युतदाब बदलतो. घर्षण हा त्याच्या कार्याचाच भाग असल्याने झीज अटळ असते. त्यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. असा पोटेन्शिओमीटर सुमारे २७० ते ३०० अंश फिरू शकतो, तर जॉयस्टिकचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४० अंशच कलतो. मध्ये दंतचक्र नसेल तर स्पर्शक पट्टीच्या एका लहानशा भागावरच आयुष्यभर घासत राहतो. पुन्हा सरळ उड्डाणात दांडा बहुतांश वेळ मध्याजवळच असल्याने त्या लहान भागातीलही मधला ठिपका सर्वाधिक झिजतो. म्हणूनच जुन्या जॉयस्टिकची थरथर प्रथम मध्याजवळ, म्हणजे नेमकी जिथे सर्वाधिक अचूकता हवी तिथे, दिसू लागते.

दुसरा प्रकार हॉल संवेदकाचा. एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधलेल्या परिणामावर तो आधारलेला आहे: विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र आले की पट्टीच्या दोन कडांमध्ये लहानसा दाब निर्माण होतो. दांड्याला जोडलेले चुंबक हलले की हा दाब बदलतो. येथे काहीही काहीवर घासत नाही, त्यामुळे संवेदक झिजत नाही. तथापि ‘हॉल असल्याने देखभाल नको’ ही विक्रेत्यांची समजूत दिशाभूल करणारी आहे. दांड्याचा सांधा, स्प्रिंग व प्लास्टिकच्या चकत्या झिजतच असतात. चुंबकाचा डिंक सुटू शकतो. ध्वनिवर्धक किंवा चुंबकाची झडप असलेले भ्रमणध्वनीचे आवरण अगदी जवळ ठेवले तर मध्यबिंदू सरकू शकतो. शिवाय काही संचांत मुख्य दोन अक्षांना हॉल संवेदक आणि मुरडण्याच्या अक्षाला वा थ्रॉटलला पोटेन्शिओमीटर अशी मिश्र योजना असते. तेव्हा चौकशी प्रत्येक अक्षाची स्वतंत्रपणे करावी.

संवेदकाची मोजणी किती बारीक आहे हे बिटांत सांगतात. दहा बिटांच्या मोजणीत पूर्ण फेऱ्याचे १,०२४ भाग पडतात, बारा बिटांत ४,०९६ आणि सोळा बिटांत ६५,५३६. चाळीस अंशांच्या फेऱ्यात दहा बिटांची एक पायरी सुमारे ०.०४ अंशाची होते. मानवी हाताला ती पुरेशी आहे. सांध्यातच अर्धा अंश ढिलाई असेल तर सोळा बिटांच्या जाहिरातीला अर्थ उरत नाही.

खऱ्या विमानाशी साम्य

घरगुती जॉयस्टिक कोणत्या विमानासाठी वापरली जाते यावर तिचा खरेपणा अवलंबून असतो. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात वैमानिकाच्या बाजूला छोटा दांडा असतो. त्यामागे स्प्रिंग असते आणि तो तारांमार्फत संगणकाला आज्ञा देतो. या जातीची विमाने इंडियन एअरलाइन्सने १९८९मध्ये ताफ्यात आणली, आणि मुंबई विमानतळावर आज सतत दिसणाऱ्या विमानांत ती आहेत. स्प्रिंगची घरगुती जॉयस्टिक या दांड्याच्या बरीच जवळ जाते. ए-३२०च्या थ्रॉटलला ठरावीक खाचा असतात, आणि स्वयंचलित शक्तिनियंत्रण चालू असताना दांडे आपल्या जागीच राहतात. बोइंगच्या विमानांत ते आपोआप पुढेमागे सरकतात. त्यामुळे घरगुती थ्रॉटल एअरबसशी अधिक जुळतो.

वैमानिक प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १५२ वा १७२ यांची गोष्ट वेगळी. तेथे पंखांवरील हवेचा दाब थेट हाताला जाणवतो, आणि ट्रिम फिरवले की तो दाब नाहीसा होऊन दांडा आहे त्या जागी स्थिर होतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकचा मध्य बदलत नाही. म्हणून ट्रिम फिरवताना दांडा हळूहळू मध्याकडे सोडत न्यावा लागतो. घरी शिकलेली ही सवय खऱ्या विमानात मोडावी लागते. मोटारींच्या साहाय्याने हा दाब निर्माण करणाऱ्या ‘फोर्स फीडबॅक’ जॉयस्टिक मायक्रोसॉफ्टने १९९७पासून काही वर्षे विकल्या, पुढे त्या दुर्मीळ झाल्या.

घरगुती संचावरील सरावाचे तास वैमानिक परवान्यासाठी धरले जात नाहीत; त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेलेच प्रशिक्षण-यंत्र लागते. घरच्या सरावाचा उपयोग कार्यपद्धती, यंत्रफलक वाचणे व धावपट्टीकडे येण्याचा क्रम पाठ करण्यापुरता असतो. मात्र त्यातही सदोष संचाने नुकसान होते. मध्याजवळ अडकणारा दांडा हलवायला जादा जोर लावावा लागतो, तो सुटला की गरजेपेक्षा पुढे जातो, आणि शिकणारा नकळत धक्के देऊन विमान चालवू लागतो. चूक आपली की दांड्याची हे त्याला कळत नाही.

मरोळ व मुंबई उपनगरे

अंधेरी पूर्वेतील मरोळ हे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या उत्तरेस लागून असलेले उपनगर आहे. सहार येथील दुसरे टर्मिनल येथून जवळ आहे. साकीनाका-जरीमरीच्या बाजूने धावपट्टी २७वर उतरणारी विमाने परिसरातील उंच गच्च्यांवरून दिसतात. विमानतळाशी संबंधित नोकऱ्या, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, १९७३पासूनचे सीप्झ आणि लहान कार्यशाळा यांमुळे येथे विमानाची ओढ व हत्यारांची जाण एकाच वस्तीत सापडते. संचाच्या देखभालीवर मरोळच्या परिस्थितीचे चार परिणाम होतात. अंधेरी ते मुलुंडपर्यंतच्या इतर उपनगरांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडतात.

पहिला पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक असते. दुसरा धुळीचा, औद्योगिक वसाहत, वाहनांची वर्दळ व सततची बांधकामे यांमुळे खिडकीजवळच्या मेजावर दोन दिवसांत थर बसतो. तिसरा जागेचा. एका खोलीच्या घरात संचाला स्वतंत्र मेज मिळत नाही. जेवणाच्या मेजावर तो मांडायचा आणि काम संपल्यावर कपाटात वा माळ्यावर ठेवायचा, असा क्रम असतो. उचलताना दांडा धरून उचलण्याची सवय सांध्याला सर्वांत घातक ठरते. संच नेहमी तळाला हात घालून उचलावा. चौथा पुराचा. मिठी नदी आरे, सीप्झ व मरोळच्या परिसरातून पुढे कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळमजल्यावरील घरात पावसाळ्याच्या महिन्यांत कोणतेही विद्युत उपकरण जमिनीवर वा खालच्या कप्प्यात न ठेवणे हेच शहाणपणाचे.

देखभाल

नित्य काळजीत आवरण, कोरडेपणा व स्वच्छता या तीन गोष्टी येतात. वापर नसताना संचावर सुती कापड टाकावे. हवाबंद प्लास्टिकची पिशवी ओलसर दिवसात घातली तर आतील दमट हवा आतच कोंडली जाते. पिशवी किंवा डबा वापरायचा तर त्यात सिलिका जेल हवेच. रंग बदलणारे दाणे घेतल्यास ते ओले झाल्याचे कळते, आणि मोकळे दाणे ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला एक-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित खोलीत थंड झालेला संच तेथून एकदम दमट हवेत आणल्यास त्याच्या धातूच्या भागांवर दव धरते. पेल्यातील थंड पाण्याने बाहेरून ओलावा धरावा तसाच हा प्रकार. अशा वेळी अर्धा-पाऊण तास तार न जोडता थांबावे.

धूळ काढण्यासाठी मऊ कुंचला पुरतो. दांड्याच्या बुडाशी असलेली रबरी घडी दर काही आठवड्यांनी उचलून आत जमलेले केस व धुळीचे गोळे काढावेत. हाताचा घाम व तेल लागलेला पृष्ठभाग किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

मुंबईत विशेष आढळणारा दोष म्हणजे मुठीचा चिकटपणा. अनेक मुठींवर मऊ स्पर्शासाठी पॉलियुरेथेनचा रबरासारखा लेप दिलेला असतो. हवेतील बाष्पाने हा लेप काही वर्षांत रासायनिकरीत्या विघटित होतो आणि गुळाच्या पाकासारखा हाताला चिकटू लागतो. साबणाने तो जात नाही, पावडर लावल्यास तात्पुरता दबतो आणि नंतर अधिक मळकट होतो. लेप वाचवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने घासून तो पूर्ण काढून टाकावा. खालचे कडक प्लास्टिक दिसायला साधे, पण टिकाऊ असते. हे काम खिडकी उघडून, ज्योतीपासून दूर आणि तार काढून करावे. अक्षरे छापलेल्या बटणांवर अल्कोहोल लागू देऊ नये.

वंगणाच्या बाबतीत अज्ञानाने सर्वाधिक संच बिघडतात. सायकलला वा बिजागरीला मारायचे फवारा-तेल जॉयस्टिकमध्ये मारू नये; ते पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर पसरते, धूळ धरते आणि काही प्लास्टिकना तडे पाडते. खनिज तेलापासूनचे काळे-पिवळे ग्रीसही टाळावे. प्लास्टिकला न लागणारे सिलिकॉन वा पीटीएफई ग्रीस केवळ सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर, जुने वंगण पुसून, पातळ थरात द्यावे. थ्रॉटलला याच्या उलट नियम लागतो. त्याचा दांडा जागच्या जागी राहतो तो घर्षणामुळे. आतील घर्षणपट्टीला ग्रीस लागले तर दांडा स्वतःच्या वजनाने खाली घसरू लागतो. थ्रॉटल सैल वाटल्यास बहुतेक संचांत तळाशी वा बाजूला असणारा ताण-स्क्रू आधी शोधावा.

दोषनिदान

संच चुकीचे वागू लागला की बहुतेक जण सिम्युलेटरमध्ये जाऊन ‘डेडझोन’ वाढवतात. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा पट्टा की ज्यात दांडा हलला तरी संगणक दुर्लक्ष करतो. त्याने थरथर दिसेनाशी होते, पण दोष तसाच राहतो, आणि उतरण्याच्या वेळी लागणाऱ्या सूक्ष्म दुरुस्त्याही त्या पट्ट्यात गडप होतात. तपासणीसाठी डेडझोन शून्यावर आणणे ही पहिली पायरी होय.

तपासणी सिम्युलेटरमध्ये न करता संगणकाच्या प्रणालीत करावी. विंडोजमध्ये ‘जॉय.सीपीएल’ ही आज्ञा दिल्यास खेळ-नियंत्रकांची खिडकी उघडते व प्रत्येक अक्षाची स्थिती दिसते. दांडा सोडून पाहावा, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्यावा. खूण स्थिर आहे पण मध्यापासून बाजूला आहे, तर प्रश्न अंशशोधनाचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो. खूण दर वेळी एकाच जागी उडी घेत असेल तर त्या ठिकाणी पट्टी घाण वा झिजलेली आहे. उड्या कुठेही, कशाही पडत असतील किंवा तार हलवल्यावर पडत असतील तर तार, जोडणी वा सांधलेले टाके तपासावेत. संच मधूनच संगणकावरून नाहीसा होत असेल तर यूएसबी हब बाजूला करून थेट संगणकाला जोडावा आणि वीजबचतीसाठी यूएसबी बंद करण्याची विंडोजची सोय काढून टाकावी. या एका बदलाने अनेक ‘मृत’ संच जिवंत झालेले आढळतात.

अंशशोधनाने काय साधते हेही समजून घ्यावे. त्यात किमान, मध्य व कमाल ही तीन मूल्ये संगणकाला नव्याने सांगितली जातात, एवढेच. अस्थिर संकेताला ते स्थिर करू शकत नाही. काही संच यूएसबीला जोडल्याच्या क्षणी दांड्याची जी स्थिती असेल तीच मध्य मानतात. असे संच जोडताना दांड्याला हात लावू नये. मूठ धरून तार खोचणाऱ्याला विमान कायम एका बाजूला कलते अशी तक्रार करावी लागते, आणि उपाय तार काढून पुन्हा खोचण्याइतका सोपा असतो.

दुरुस्ती व सुटे भाग

हमी शिल्लक असल्यास संच उघडू नये. तळाचा स्क्रू चिकटपट्टीखाली असतो व ती फाटली की हमी जाऊ शकते. उघडण्यापूर्वी तार काढावी. खालच्या बाजूचे सर्व स्क्रू, रबरी पायांखालचेही, काढून कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते. झाकण झटक्याने ओढल्यास आतील पातळ तारा तुटतात व मुख्य स्प्रिंग उडून जाते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय.

पोटेन्शिओमीटरवर काँटॅक्ट क्लीनरचे एक-दोन थेंब सोडून तो तीस-चाळीस वेळा पूर्ण फिरवावा आणि वाळू द्यावा. घाण वा गंज असेल तर संकेत लगेच सुधारतो. काही दिवसांत थरथर परतली तर कार्बन झिजला आहे असे समजून भाग बदलावा. खात्रीसाठी मल्टीमीटर मधल्या व कडेच्या टोकांना लावून आस हळू फिरवावी. रोध अखंड वाढत वा घटत गेला पाहिजे, मध्येच आकडा तुटता कामा नये. नवा भाग घेताना रोधाचे मूल्य, आसाची लांबी व आकार, तसेच बदल रेषीय आहे का हे जुळवावे. ‘बी’ अक्षराने दर्शवलेला प्रकार सामान्यतः रेषीय असतो. आवाजासाठी वापरला जाणारा ‘ए’ प्रकार बसवल्यास जॉयस्टिक एका बाजूला मंद आणि दुसरीकडे तीव्र होते.

एकदा दाबल्यावर दोनदा उमटणारे बटण म्हणजे बहुधा आतील सूक्ष्म कळीचा स्पर्श झिजलेला असतो. ही कळ संगणकाच्या माउसमध्येही असते व सहज मिळते. रबरी घुमटाची बटणे असतील तर घुमटाखालचा काळा ठिपका व पाटीवरील पट्टे अल्कोहोलने हलक्या हाताने पुसणे पुरते.

मुंबईत असे भाग मिळण्याचे जुने ठिकाण म्हणजे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो मार्गिका ३ने मरोळ नाक्याहून थेट ग्रँट रोडला जाता येते. जुना भाग सोबत न्यावा. तोंडी वर्णनावर मिळालेला भाग बहुधा बसत नाही. सांध्याच्या प्लास्टिक चकत्या वा विशिष्ट स्प्रिंग मात्र बाजारात मिळत नाहीत. त्रिमितीय छपाई करणाऱ्याकडून चकती करून घेता येते. स्प्रिंगसाठी तारेची जाडी, वेढ्यांची संख्या व बाहेरचा व्यास मोजून औद्योगिक वसाहतीतील स्प्रिंग बनवणाऱ्याला नमुना द्यावा. एका नगासाठी कारागीर सहसा नाखूश असतो, तेव्हा चार-पाच नग मागितल्यास काम होते.

परत जोडताना प्लास्टिकमध्ये बसणारे स्क्रू आधी उलटे फिरवावेत. जुन्या आट्यात पडल्याची बारीक टिचकी जाणवली की मग सुलटे आवळावेत. असे न केल्यास दर वेळी नवा आटा कापला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या उघडणीनंतर स्क्रू धरतच नाही.

पुराच्या किंवा सांडलेल्या पाण्यात भिजलेला संच चालतो का हे पाहण्यासाठी संगणकाला जोडू नये. तो उघडून चिखल स्वच्छ पाण्याने धुवावा, मग अल्कोहोलने पाणी बाहेर काढावे आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवावा. हॉल संवेदकाची पाटी अशा प्रसंगातून अनेकदा वाचते. चहा किंवा सरबत सांडले असल्यास साखर सांध्यात राहिल्याने पाण्याने धुणे अधिकच आवश्यक ठरते.

वापरलेला संच विकत घेणे

आयात शुल्क व कर यांमुळे नव्या संचाची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. त्यामुळे वापरलेल्या संचांची खरेदी-विक्री उपनगरांत होते. पाहायला जाताना लॅपटॉप सोबत न्यावा व वर सांगितलेली सावकाश फेऱ्याची चाचणी प्रत्येक अक्षावर करावी. मूठ धरून न कलवता हलकेच डोलावल्यास सांध्याची ढिलाई समजते. थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून संच किंचित तिरका करावा. दांडा घसरला तर घर्षणपट्टी गेलेली असते. चिकट मूठ हे किंमत कमी करून घेण्याचे चांगले कारण आहे, खरेदी टाळण्याचे नाही. पोटेन्शिओमीटरची थरथर असलेला संचही, भाग बदलण्याची तयारी असेल तर, परवडतो. तडकलेला सांधा आणि कापलेली पाटी असलेला संच मात्र फुकटही घेऊ नये.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या संचातील सूक्ष्म कळा, स्प्रिंग, स्क्रू व यूएसबी तार काढून ठेवण्याजोग्या असतात. उरलेला भाग घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रांकडूनच व्हावे असे सांगतात.